स्वतंत्र स्कॉटलंडला आपली तूट पेलवेल का?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची मुलगी एडिनबरोत नोकरी करते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे: "स्वातंत्र्याचा विषय निघाला की एक बाजू सांगते, स्कॉटलंड लंडनच्या पैशावर जगतो आणि वेगळा झाला तर त्याचे दिवाळे निघेल. दुसरी बाजू सांगते, तेल, व्हिस्की आणि पवनऊर्जा असलेला देश गरीब असूच शकत नाही, तुटीचे आकडेच मुळात रचलेले आहेत. यातले खरे काय? आणि स्कॉटलंड उद्या खरोखरच वेगळे झाले, तर मुलीच्या पेन्शनचे काय होईल?"

सरकारी जमाखर्चाचे विश्लेषण हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे माझा निष्कर्ष आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. तुटीचे आकडे रचलेले नाहीत. ते पुरेसे विश्वसनीय आहेत आणि ते खुद्द स्कॉटिश सरकारच प्रसिद्ध करते. मात्र स्कॉटलंड युनायटेड किंगडममध्ये असताना त्याचा जमाखर्च कसा दिसतो, एवढेच ते सांगतात. स्वतंत्र देशाचा जमाखर्च कसा असेल हे त्यांवरून थेट कळत नाही. तो देश पहिल्या वर्षी कुठून सुरुवात करील, इतके मात्र कळते. त्यापुढचा खरा प्रश्न तुटीच्या आकाराइतकाच तिच्या भरपाईचा आहे: ती भरून काढण्यासाठी कोण कर्ज देईल, कोणत्या चलनात देईल आणि किती व्याजाने देईल. २०१४ च्या सार्वमतापासून आजपर्यंत दोन्ही बाजूंनी सर्वांत कमी प्रामाणिकपणे हाताळलेला प्रश्न हाच आहे, असे माझे मत आहे.

आधी आकड्यांकडे वळू. हा वार्षिक अहवाल 'गव्हर्नमेंट एक्स्पेंडिचर अँड रेव्हेन्यू स्कॉटलंड' या नावाने निघतो आणि सर्वजण त्याला जीईआरएस म्हणतात. त्याची सुरुवात १९९२ साली झाली. तेव्हा लंडनमध्ये हुजूर पक्षाचे सरकार होते आणि स्कॉटलंड खात्याचे मंत्री इयन लँग होते. स्कॉटलंडला स्वतःची संसद देण्याची मागणी जोर धरत असताना ती परवडणारी नाही हे दाखवणे, हा त्यामागचा एक हेतू होता, हे उघड गुपित आहे. 'आकडे रचलेले आहेत' या आरोपाचे मूळ इथे आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. परंतु त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. १९९९ साली एडिनबरोत संसद आली आणि अहवाल स्कॉटिश सरकारच्या संख्याशास्त्रज्ञांकडे गेला. २००७ पासून सत्तेवर असलेल्या, स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या सरकारांनीही तो चालू ठेवला, त्याच्या पद्धतीत सुधारणा केल्या आणि सोयीचा वाटला तेव्हा प्रचारातही वापरला. अधिकृत राष्ट्रीय सांख्यिकीचा दर्जा त्याला आहे. जन्म राजकीय हेतूने झाला म्हणून आजचा हिशेब खोटा ठरत नाही.

२०२३-२४ या वर्षाचे आकडे पहिल्यांदा प्रसिद्ध झाले तेव्हा स्कॉटलंडमधून मिळालेला एकूण सार्वजनिक महसूल ८८.५ अब्ज पौंड होता, तर स्कॉटलंडसाठी झालेला खर्च १११.२ अब्ज पौंड होता. तूट २२.७ अब्ज, म्हणजे सकल उत्पन्नाच्या १०.४ टक्के. त्याच वर्षी संपूर्ण युनायटेड किंगडमची तूट ४.५ टक्के होती. उत्तर समुद्रातल्या तेल आणि वायूच्या महसुलाचा स्कॉटलंडच्या वाट्याला येणारा भागही या ८८.५ अब्जांत धरलेला आहे. "यात तेल धरलेलेच नाही" असे जे अधूनमधून ऐकू येते ते चुकीचे आहे.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. ही तूट एडिनबरोतल्या सरकारची तूट नव्हे. त्या सरकारला आपला अर्थसंकल्प जवळजवळ समतोल ठेवावाच लागतो. कर्ज काढण्याचे त्याचे अधिकार कायद्याने अगदी तोकडे ठेवलेले आहेत. त्यामुळे स्कॉटिश मंत्र्यांनी उधळपट्टी केली म्हणून २२.७ अब्जांची तूट आली असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच "आम्ही दरवर्षी अर्थसंकल्प समतोल ठेवतो, मग तूट कसली?" हे उत्तरही फसवे आहे. जीईआरएसमध्ये स्कॉटिश सरकार आणि तिथल्या नगरपालिका यांच्या खर्चाबरोबरच लंडनच्या सरकारने स्कॉटलंडसाठी केलेला खर्चही येतो: सरकारी पेन्शन, इतर अनेक भत्ते, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि राष्ट्रीय कर्जावरचे व्याज. स्वतंत्र देशाला हे सगळे स्वतःच्या तिजोरीतून करावे लागेल, म्हणून ते हिशेबात घेणे योग्यच आहे.

आता व्हिस्की. "व्हिस्कीच्या निर्यातीवरचा कर लंडन घेते आणि तो स्कॉटलंडच्या नावावर दाखवत नाही" ही कथा इतक्या वेळा खोडून काढली गेली आहे की ती अजून जिवंत कशी, याचेच नवल वाटते. पुण्याच्या दुकानात ठेवलेल्या स्कॉचच्या बाटलीचे उदाहरण घ्या. ती बाटली ब्रिटनबाहेर जाताना तिच्यावर ब्रिटिश मद्यशुल्क लागत नाही, कारण ते शुल्क देशात पिल्या जाणाऱ्या दारूवर असते. निर्यातीवर वेगळा कर मुळात नाहीच. भारतात उतरल्यावर केंद्र सरकार सीमाशुल्क घेते, महाराष्ट्र सरकार उत्पादन शुल्क घेते, आणि ग्राहक जी भरमसाट किंमत मोजतो तिचा मोठा भाग या दोन तिजोऱ्यांत जातो. ब्रिटिश तिजोरीत येतो तो डिस्टिलरीतल्या कामगारांच्या पगारावरचा प्राप्तिकर, त्यांचा राष्ट्रीय विमा (सरकारी पेन्शन आणि भत्त्यांसाठी पगारातून कापली जाणारी वर्गणी) आणि कंपनीच्या नफ्यावरचा कर. यातला स्कॉटलंडचा वाटा जीईआरएसमध्ये स्कॉटलंडच्याच नावावर दाखवला जातो.

कंपनीकराबाबत मराठी वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. प्रत्यक्ष कराच्या राज्यवार वसुलीत महाराष्ट्राचा वाटा देशाच्या एक तृतीयांशाहून अधिक दिसतो, कारण देशभर व्यवसाय करणाऱ्या असंख्य कंपन्यांचा कर मुंबईच्या मुख्यालयातून भरला जातो. "आम्ही दिल्लीला इतके देतो आणि परत इतकेच मिळते" हा आपल्याकडचा वाद या वसुलीच्या आकड्यांवर चालतो, आणि त्यामुळेच तो अर्धवट राहतो. लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या कंपन्यांमुळे स्कॉटलंडचा कर असाच लंडनच्या नावावर जात असेल का? नाही. जीईआरएस कर कुठे भरला हे पाहत नाही. तो कर ज्या आर्थिक व्यवहारातून निर्माण झाला तो व्यवहार कुठे झाला, याचा अंदाज घेतो. प्राप्तिकरासाठी करदात्याच्या निवासस्थानाची प्रत्यक्ष नोंद आहे. मूल्यवर्धित करासाठी कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीचा आधार घेतला जातो. कंपनीकरासाठी कामगार आणि मालमत्ता कुठे आहेत यावरून वाटणी होते. अंदाज म्हटला की चूक आलीच, पण ती दोन्ही दिशांना असू शकते, आणि अहवालातच तिची मर्यादा दिलेली असते. ती चूक धरली तरी बावीस अब्जांचे अंतर तिने भरून निघत नाही.

वादाला खरी जागा आहे ती खर्चाच्या बाजूला. संरक्षणाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंडवर टाकला जातो. स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे संपूर्ण देशाच्या आठ टक्क्यांहून थोडी जास्त. स्वतंत्र स्कॉटलंडला ग्लासगोजवळच्या फॅस्लेन तळावरच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा खर्च करण्याचे कारण नाही. स्वातंत्र्याचा आराखडा मांडणाऱ्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेत स्कॉटिश सरकारने संरक्षणासाठी वर्षाला अडीच अब्ज पौंड पुरतील असे म्हटले होते. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपातला कोणता देश इतक्यावर भागवील याची मला शंका आहे, पण ते सोडून देऊ. पूर्ण बचत झाली असे मानले तरी ती एक-दोन अब्जांची असेल. राष्ट्रीय कर्जावरचे व्याजही लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेले आहे आणि ही रक्कम मोठी आहे. ढोबळ मानाने आठ-नऊ अब्ज. स्वतंत्र होताना एक पौंडाचेही कर्ज घ्यायचे नाही असे ठरवले, तरी तेरा-चौदा अब्जांची तूट उरतेच. आणि तसे ठरवता येईल का, हा वेगळा विषय आहे. त्याकडे पुढे येतो.

मग एवढी तूट येते कुठून? महसूल फार कमी आहे म्हणून नव्हे. तेल वगळले तरी स्कॉटलंडचा दरडोई महसूल देशाच्या सरासरीच्या जवळपास आहे; लंडन आणि आग्नेय इंग्लंड बाजूला ठेवले तर इंग्लंडच्या बहुतेक विभागांपेक्षा चांगला आहे. फरक खर्चात आहे. २०२३-२४ मध्ये स्कॉटलंडसाठी झालेला दरडोई सार्वजनिक खर्च देशाच्या सरासरीपेक्षा २,४१७ पौंडांनी जास्त होता. या आकड्याला ५५ लाखांनी गुणले तर सुमारे तेरा अब्ज होतात, आणि स्कॉटलंडची तूट उर्वरित देशाइतक्याच टक्क्यांवर असती तर जितकी कमी झाली असती तो आकडाही जवळपास तेरा अब्जच येतो. जास्तीच्या तुटीचे जवळजवळ सगळे स्पष्टीकरण या एका ओळीत आहे.

खर्च जास्त असण्याची काही कारणे भूगोलाची आहेत. युनायटेड किंगडमच्या जवळपास एक तृतीयांश भूभागावर, म्हणजे स्कॉटलंडमध्ये, त्याची आठ टक्के माणसे राहतात. बेटांवर शाळा, दवाखाने आणि फेरीबोटी चालवाव्याच लागतात. काही कारणे धोरणाची आहेत: विद्यापीठाचे शिक्षण स्कॉटिश विद्यार्थ्यांना मोफत आहे, औषधांच्या चिठ्ठीवरचे शुल्क २०११ पासून नाही, वृद्धांची वैयक्तिक शुश्रूषा मोफत आहे, आणि गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी २०२१ पासून वेगळा साप्ताहिक भत्ता आहे. काही फरक निव्वळ मांडणीचा आहे. इंग्लंडमधल्या पाणीपुरवठा कंपन्या खासगी आहेत, तर स्कॉटिश वॉटर सार्वजनिक मालकीची आहे, त्यामुळे तिचा खर्च आणि उत्पन्न दोन्ही सरकारी हिशेबात दिसतात आणि दोन्ही बाजू फुगतात.

आणि मोठे कारण इतिहासाचे आहे. लंडनकडून एडिनबरोला जाणाऱ्या अनुदानाची वाढ बार्नेट सूत्राने ठरते. जोएल बार्नेट हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मजूर पक्षाच्या सरकारात अर्थखात्याचे मंत्री होते. इंग्लंडमधल्या एखाद्या खात्याचा खर्च जितका वाढेल त्याचा लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा स्कॉटलंडला द्यायचा, असे हे साधे सूत्र आहे. गरजा मोजायच्या नाहीत, मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त वाढ वाटायची. मूळ रक्कमच दरडोई जास्त होती, म्हणून आजही ती जास्त आहे. तात्पुरती सोय म्हणून आणलेली ही व्यवस्था पुढे कायमची होऊन बसली, आणि खुद्द बार्नेट यांनी उतारवयात ती रद्द करा असे अनेकदा सांगितले. २०१४ च्या सार्वमताच्या अवघ्या दोन दिवस आधी लंडनमधल्या तिन्ही प्रमुख पक्षांच्या नेत्यांनी ती चालू ठेवण्याचे वचन जाहीरपणे दिले, यावरून तिचे राजकीय वजन लक्षात यावे. संघराज्यात राहण्याच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम आर्थिक युक्तिवाद एका कामचलाऊ सूत्रावर उभा आहे, हे त्या बाजूच्या लोकांनी अधिक मोकळेपणाने मान्य करायला हवे.

तेलाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात दोन्ही बाजूंना शरम वाटावी असे प्रसंग आहेत. १९७४ साली लंडन सरकारच्या स्कॉटलंड खात्याचे मुख्य अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी मंत्र्यांसाठी एक टिपण लिहिले. उत्तर समुद्रातले तेल हाती असेल तर स्वतंत्र स्कॉटलंडची शिल्लक संकोच वाटावा इतकी मोठी असेल आणि त्याचे चलन युरोपातल्या सर्वांत भक्कम चलनांपैकी एक होईल, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या निवडणुकीत "हे स्कॉटलंडचे तेल आहे" या घोषणेवर स्कॉटिश नॅशनल पार्टीने ११ जागा जिंकल्या होत्या. टिपण गोपनीय राहिले आणि माहितीच्या अधिकाराखाली २००५ साली ते लोकांसमोर आले. त्या पिढीतल्या लोकांचा लंडनच्या आकड्यांवर विश्वास का नाही, हे समजून घ्यायचे असेल तर हा प्रसंग विसरून चालत नाही. १९८० च्या दशकातला प्रचंड तेलमहसूल लंडनच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला आणि खर्च झाला. जवळपास तेवढ्याच लोकसंख्येच्या नॉर्वेने १९९० मध्ये तेलनिधीचा कायदा केला, १९९६ पासून त्यात पैसे टाकले, आणि आज तो जगातला सर्वांत मोठा सार्वभौम निधी आहे. १९७५ साली वेगळा झालेला स्कॉटलंड आज श्रीमंत असता हे बहुधा खरे आहे. पण खर्च होऊन गेलेले तेल आजच्या अर्थसंकल्पात धरता येत नाही.

दुसऱ्या बाजूचा प्रसंग २०१३-१४ चा. श्वेतपत्रिका निघाली तेव्हा हाताशी असलेले ताजे आकडे २०११-१२ चे होते आणि ते स्वातंत्र्यवाद्यांना फार सोयीचे होते: तेलासह स्कॉटलंडची तूट ५ टक्के, संपूर्ण देशाची ७.९ टक्के. त्या वर्षी तेलापासून दहा अब्जांहून अधिक महसूल मिळाला होता. श्वेतपत्रिकेने २०१६-१७ या स्वातंत्र्याच्या संभाव्य पहिल्या वर्षासाठी ६.८ ते ७.९ अब्ज पौंडांचा तेलमहसूल गृहीत धरला. मार्च २०१४ मध्ये, म्हणजे मतदानाच्या सहा महिने आधी, पुढच्या वर्षाचे आकडे आले आणि चित्र उलटले: स्कॉटलंड ८.३, देश ७.३ टक्के. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ५५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याविरुद्ध मत दिले. त्या उन्हाळ्यात ११५ डॉलरच्या आसपास असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आले, आणि २०१६-१७ मध्ये स्कॉटलंडच्या वाट्याचा प्रत्यक्ष तेलमहसूल आला सुमारे २० कोटी पौंड. अंदाज आणि वस्तुस्थिती यांच्यात तीसपटींहून अधिक फरक.

अंदाज चुकतात, त्यात गुन्हा नाही. तेलाचा भाव कोसळेल हे लंडनच्या तज्ज्ञांनाही माहीत नव्हते. आक्षेप असा आहे की ज्या उत्पन्नात एका वर्षात इतका चढउतार होतो ते उत्पन्न शाळा आणि पेन्शन यांसारख्या कायमच्या खर्चासाठी धरले गेले. २०२२ मध्ये वायूचे भाव भडकले, लंडनने तेल कंपन्यांच्या नफ्यावर अतिरिक्त कर लावला, आणि २०२२-२३ मध्ये तेलाचा महसूल पुन्हा नऊ अब्जांच्या पुढे गेला. तरीही त्या वर्षाची तूट नऊ टक्के होती. तेलाच्या उत्तम वर्षातही तूट युरोपीय संघाच्या तीन टक्क्यांच्या मर्यादेच्या तिप्पट राहिली, एवढे लक्षात घेतले की पुढची चर्चा तेल वगळूनच करणे शहाणपणाचे ठरते. पवनऊर्जेबद्दलही हेच सांगावे लागेल: वीज भरपूर आहे, पण वाऱ्यावर तेलासारखा कर बसत नाही; समुद्रतळाच्या भाडेपट्ट्यांचे उत्पन्न मिळते, ते या तुटीच्या मानाने लहान आहे.

आता स्वातंत्र्यानंतरच्या प्रश्नांकडे. पहिला कर्जाचा. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने जाहीर केले की सार्वमताचा निकाल काहीही लागो, आजवरच्या सर्व कर्जरोख्यांची जबाबदारी लंडनच घेईल. गुंतवणूकदार बिथरू नयेत म्हणून हे आवश्यक होते, पण त्यामुळे स्कॉटलंडच्या हाती वाटाघाटीचे एक मोठे साधन आले: कायद्याने कर्ज लंडनचे, मग आमचा वाटा आम्ही चर्चेत ठरवू. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर तो वाटा आज दोनशे अब्ज पौंडांच्या वर, म्हणजे जवळजवळ स्कॉटलंडच्या एका वर्षाच्या सकल उत्पन्नाइतका होईल. पूर्वीची उदाहरणे दोन्ही प्रकारची आहेत. १९९३ साली चेकोस्लोव्हाकिया फुटला तेव्हा मालमत्ता आणि देणी साधारणपणे दोनास एक या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली गेली. आयर्लंडने १९२१ च्या करारात ब्रिटिश कर्जाचा वाटा मान्य केला होता, पण १९२५ मध्ये सीमेच्या प्रश्नावरच्या तडजोडीत तो सोडून देण्यात आला. त्यामुळे "कर्ज घ्यावेच लागेल" आणि "एक पैसाही देणार नाही" ही दोन्ही विधाने व्यासपीठावरची आहेत. ज्याला त्याच आठवड्यापासून नवे कर्ज काढायचे आहे, त्याने जुने देणे नाकारून बाजारात उभे राहणे कठीण असते. आणि मालमत्तेचा वाटा, सीमेवरची व्यवस्था आणि व्यापार याच मेजावर ठरायचे असतात.

२०१८ साली स्कॉटिश नॅशनल पार्टीने नेमलेल्या, अँड्र्यू विल्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रोथ कमिशनने हे वास्तव बरेचसे स्वीकारले होते. कर्जाचा वाटा न घेता व्याज आणि सामायिक सेवांपोटी वर्षाला सुमारे पाच अब्ज पौंड लंडनला द्यावेत, आणि पाच ते दहा वर्षांत तूट तीन टक्क्यांच्या खाली आणावी, अशी त्याची शिफारस होती. त्यासाठी सार्वजनिक खर्चाची वाढ अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा कमी ठेवायची होती. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या स्वतंत्र संशोधन संस्थेने लगेच दाखवून दिले की याचा अर्थ काटकसर पुढे चालू ठेवणे असाच होतो. काटकसर संपवण्यासाठी स्वातंत्र्य मागणाऱ्या कार्यकर्त्यांना ते झोंबले, आणि तो अहवाल हळूहळू बाजूला पडला. माझ्या मते स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलेला सर्वांत जबाबदार आर्थिक दस्तऐवज तोच होता. तो प्रामाणिक होता म्हणूनच अप्रिय ठरला.

आकार लक्षात येण्यासाठी एवढे सांगतो: १०.४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर यायचे म्हणजे वर्षाला सुमारे सोळा अब्ज पौंड शोधायचे. स्कॉटलंडचा सगळा प्राप्तिकर मिळून जवळपास तेवढाच होतो, आणि वरच्या उत्पन्नगटांवर तिथले दर आजच इंग्लंडपेक्षा जास्त आहेत. सर्वांत वरचा दर २०२४ पासून ४८ टक्के आहे.

दुसरा प्रश्न चलनाचा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. एडिनबरोला जाऊन आलेले लोक सांगतात की स्कॉटलंडच्या नोटा आताही वेगळ्या आहेत. खरे आहे, तीन व्यापारी बँका तिथे आपापल्या नोटा काढतात. पण त्या नोटांमागे बँक ऑफ इंग्लंडचे पूर्ण तारण असते. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड दहा लाख पौंडांच्या आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा तिजोरीत ठेवते. त्यांना 'जायंट' आणि 'टायटन' म्हणतात आणि त्या कधीही चलनात येत नाहीत. म्हणजे वेगळा आहे तो नोटेवरचा चेहरा, चलन एकच.

२०१४ मध्ये स्कॉटिश सरकारचा आग्रह पौंडाच्या औपचारिक चलनसंघाचा, म्हणजे दोन्ही देशांनी कराराने एकच पौंड वापरण्याचा होता. फेब्रुवारीत अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तो साफ नाकारला आणि मजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांनीही त्यांना साथ दिली. नंतरची भूमिका, जी ऑक्टोबर २०२२ च्या सरकारी दस्तऐवजातही आहे, अशी: सुरुवातीला लंडनच्या संमतीशिवाय पौंडच वापरायचा आणि परिस्थिती अनुकूल होताच स्वतःचा स्कॉटिश पौंड आणायचा. दुसऱ्याचे चलन वापरायला कोणी अडवू शकत नाही; पनामा आणि इक्वेडोर डॉलर वापरतात. पण ज्या देशाला दरवर्षी मोठी तूट भरून काढायची आहे त्याने स्वतः छापू न शकणाऱ्या चलनात कर्ज काढणे, याचा अर्थ असा की बाजार घाबरला तर मध्यवर्ती बँक मदतीला येऊ शकत नाही. ब्रिटन, जपान किंवा अमेरिका मोठ्या तुटी निभावून नेतात त्याचे कारण त्यांचे कर्ज त्यांच्याच चलनात आहे. शिवाय बँकांसाठी अंतिम ऋणदाता, म्हणजे बँक अडचणीत आली तर तिला पैसे पुरवणारी मध्यवर्ती बँक, उरत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये मतदानाच्या आठवडाभर आधी मोठ्या बँकांनी निकाल 'हो' लागल्यास नोंदणीकृत कार्यालय इंग्लंडला हलवू असे सांगितले, ते याच कारणाने.

उलट स्वतःचे चलन पहिल्या दिवसापासून आणले तर हा धोका कमी होतो, पण दुसरे दोन समोर येतात. परकीय गंगाजळी उभी करावी लागते, आणि तुटीत असलेल्या देशाकडे ती आपोआप जमत नाही. आणि लोकांची गृहकर्जे पौंडात असताना पगार नव्या चलनात झाले, आणि ते चलन घसरले, तर हप्ता वाढतो. स्कॉटलंडच्या निर्यातीतला जवळपास साठ टक्के माल आणि सेवा उर्वरित ब्रिटनलाच जातात, त्यामुळे विनिमय दराचा प्रत्येक हेलकावा रोजच्या व्यवहारात जाणवेल. चेक आणि स्लोव्हाक मंडळींनी समान चलन ठेवण्याचा करार केला होता; भांडवल पळू लागताच तो सहा आठवड्यांतच मोडला आणि ८ फेब्रुवारी १९९३ ला चलने वेगळी झाली. आयर्लंडने मात्र आपला पौंड ब्रिटिश पौंडाशी १९७९ पर्यंत एकास एक बांधून ठेवला, पण तिथली सरकारे त्या काळात बराच काळ अतिशय काटकसरी होती. दोन्ही वाटांनी जाता येते. मोठी तूट आणि उधारीचे चलन ही जोडी एकत्र घेऊन मात्र फार दूर जाता येत नाही.

स्वातंत्र्यवाद्यांचा एक मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. जीईआरएसची तूट हे आजच्या व्यवस्थेचेच फळ आहे. युनायटेड किंगडममध्ये लंडन आणि त्याच्या आसपासचा भाग सोडला तर जवळजवळ सगळे विभाग तुटीत आहेत. वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची दरडोई तूट स्कॉटलंडपेक्षाही मोठी आहे. एका शहराभोवती इतकी संपत्ती गोळा होणे हा धोरणाचाही परिणाम आहे, आणि स्थलांतर, करप्रणाली व व्यापार यांवर स्वतःचे अधिकार असलेला छोटा देश वेगळा मार्ग काढू शकतो, हे डेन्मार्क आणि आयर्लंड यांच्याकडे पाहून म्हणता येते. पण आयर्लंडला तिथवर पोहोचायला सत्तर वर्षे लागली. वाढ होईल तेव्हा होईल. पेन्शन पहिल्याच महिन्यात द्यावी लागते.

आणि आता मुलीच्या पेन्शनचा प्रश्न. तिच्या मालकाने काढलेली खासगी पेन्शन ही तिच्या नावावरची गुंतवणूक आहे आणि देश कोणाचाही असो, ती तिचीच राहील. ती कोणत्या चलनात मिळेल आणि देखरेख कोणत्या नियामकाची असेल, हे वाटाघाटीत ठरेल. सरकारी पेन्शनचे तसे नाही. राष्ट्रीय विम्याचे पैसे तिच्या नावाने कुठे साठत नाहीत. आज भरणाऱ्यांचे पैसे आजच्या वृद्धांना दिले जातात. म्हणून "मी लंडनला भरले आहे, लंडनच देईल" हे गृहीत धरता येत नाही. २०१३ च्या श्वेतपत्रिकेतही स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांची सरकारी पेन्शन स्वतंत्र स्कॉटलंडचे सरकारच देईल असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि तिने भरलेली वर्षे त्यात धरली जातील असेही होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लंडनच्या संमतीवाचून एडिनबरोची संसद सार्वमत घेऊ शकत नाही असा निर्णय दिल्यामुळे हा प्रश्न उद्याच उभा राहणार नाही. तोवर तिने करण्यासारखे काम एकच आहे: ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आपल्या राष्ट्रीय विम्याची नोंद तपासावी, किती वर्षे पूर्ण धरली आहेत ते पाहावे, आणि एखादे वर्ष अपुरे असेल तर मुदतीच्या आत ते भरून काढता येते का याची चौकशी करावी. पूर्ण सरकारी पेन्शनसाठी साधारणपणे पस्तीस वर्षे लागतात आणि किमान दहा वर्षांखेरीज काहीच मिळत नाही.